आधी डोळो काढ

माझ्या चित्रांचं सगळ्यात जास्त कौतुक ज्या माणसाने केलं, त्याला माझी चित्रं दिसतच नव्हती. हे कळायला मला सहा वर्षं लागली, आणि ज्या रीतीने कळलं ती सांगायला आजही मला लाज वाटते. तरी सांगते, कारण शेवट बरा झाला. तसा झाला नसता तर हे लिहायला मी बसलेच नसते.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. मालवणच्या किनाऱ्यावर त्यांनी चाळीस वर्षं तांडेलकी केली होती. होडीवर तांडेल म्हणेल ती पूर्व, असा त्यांचा दरारा. १९९८ साली मी बांद्याहून लग्न होऊन आले तेव्हा होडी पुतण्याच्या हवाली करून ते पडवीतल्या बाकावर बसायला लागले होते. सासूने तीस वर्षं बाजारात मासे विकले आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर पाटी खाली ठेवली. तिला आम्ही आये म्हणायचो. तोंडावर मी तिला कधी अगं-तुगं केलं नाही, पण आठवणीत ती एकेरीच येते. नवरा ओरोसला सरकारी कचेरीत. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, आणि मधे जे उरेल ते आमच्या वाट्याला. मी मालवणातच एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. म्हणजे बादली, तांब्या आणि अर्धा भोपळा मांडून मुलांकडून वस्तुचित्र काढून घ्यायचं, आणि बादली कुणाच्या कागदावर कलंडली की ओरडायचं.

लग्नाआधी मी तैलरंगात काम करत असे. सासरी आल्यावर पहिल्याच रविवारी मागच्या पडवीत कॅनव्हास लावला, टर्पेंटाइनची बाटली उघडली, आणि पाच मिनिटांत आये नाकाला पदर लावून समोर उभी.

"गो, ह्या काय जाळतंस?"

ज्या घराच्या माळ्यावर बारा महिने सुके बांगडे टांगलेले, त्या घरात माझ्या टर्पेंटाइनला वास येत होता! मी तडकून बाटली बंद केली ती कायमची. पुढे शाळेच्या कामासाठी कोल्हापूरला गेले होते, तिथून पेस्टलची एक पेटी घेऊन आले. वास नाही, तेल नाही, वाळायची वाट बघणं नाही. शेजारणींनी दोन दिवसांत निकाल लावून टाकला, की मास्तरीण घरातसुद्धा खडू घेऊनच बसते.

खडूच होते ते. पण या खडूंनी मला जेवढं नाचवलं तेवढं तैलरंगाने कधी नाचवलं नाही. पेस्टलला आमची हवा मानवत नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पावसाळ्यात कागद असा सादळतो की खडू त्यावर चढतच नाही, नुसता घसरतो. पहिल्या वर्षी सोळा चित्रं कपाटात नीट रचून ठेवली आणि गणपतीच्या आधी काढून बघितली, तर सोळाच्या सोळांवर बुरशी. मी रडायच्या बेताला आले. आये म्हणाली, "रडतंस कित्याक? पापडांसारखी उन्हात घाल." घातली. त्यांतली चार वाचली. त्यानंतर माझी चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचं ठरलं, कारण घरात कोरडी जागा तेवढी एकच, सुक्या माशांच्या शेजारी. त्या काळातलं चित्र आजही नाकाशी नेलं तर बांगड्याचा वास येतो.

कागदाचाही असाच शोध लागला. साध्या कागदावर पेस्टलची पूड टिकेना, वाऱ्याने उडून जाई. मग मी हार्डवेअरच्या दुकानातून बारीक काचकागद आणायला लागले, होडीचं लाकूड घासतात तो. त्यावर खडू असा पकडतो की बोटाने पुसला तरी जात नाही. फक्त वाजतो फार. दुकानदाराला चित्रबित्र काही माहीत नव्हतं. तो दर खेपेला विचारायचा, "मास्तरणीनू, होडी बांधूक घेतलास काय?" मी हो म्हणायचे.

रविवारी संध्याकाळी मी किनाऱ्यावर निसर्गचित्र काढायला जायचे आणि बाबा माझं स्टूल घेऊन बरोबर यायचे. मी नको म्हटलं तरी यायचे. पेटीत निळे आणि हिरवे खडू सगळ्यात आधी संपत, तपकिरी तसेच उरत. जांभ्या दगडाचा लाल तर कुठल्याच पेटीत नव्हता. तांबड्यावर जांभळा, त्यावर खाकी असं घासून घासून मी तो आणायचे, तरी तो विटेसारखा दिसे. शेवटी चिरेखाणीतला एक तुकडाच आणून कागदावर घासला. तो मात्र थेट जांभ्यासारखा दिसला. बाबा शेजारी वाळूत बसून समुद्राकडे बघत राहायचे आणि मी आवरायला लागले की चित्रावर वाकायचे.

"बरा जमला," म्हणायचे.

एवढंच. दर वेळी एवढंच. पण मी त्यावर आठवडा काढायचे. नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "छान" म्हणायचा. शाळेतले सहकारी विचारायचे, "फोटोवरून काढता का?" चाळीस वर्षं समुद्र बघितलेला माणूस माझ्या समुद्राला बरा म्हणतो, याच्यापुढे मला बाकीच्यांची किंमत नव्हती.

माशांचं चित्र काढायला शिकवलं तेही त्यांनीच. रविवारी सकाळी ते बंदरावरून बांगडे आणायचे आणि ते आयेच्या हाती जाण्याआधी माझ्यापुढे केळीच्या पानावर यायचे. त्याचा करार ठरलेला होता. आये पाट्यावर वाटप वाटायला बसली की मी चित्राला बसायचं, आणि वरवंटा थांबला की चित्र झालेलं असो नसो, मासे परत करायचे. जास्तीत जास्त पाऊण तास. पहिल्यांदा मी पाठीच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली, तर बाबांनी माझा हात धरला.

"आधी डोळो काढ. डोळो पयलो मरता."

आणि खरंच, अर्ध्या तासात बांगड्याचा डोळा बसतो, धुरकट होतो. पाठीवरचा हिरवा त्याच्यामागून जातो. पोटाची चांदी सगळ्यात शेवटी. त्या क्रमाने खडू उचलायला मी शिकले. चांदीसाठी पांढरा घ्यायचाच नाही. करडा, फिकट निळा आणि नावाला गुलाबी. पेस्टल आणि मासा यांचं चांगलं जमतं, दोघांनाही ताटकळत ठेवलेलं खपत नाही. वरवंटा थांबल्यावर आये ओरडायची, "झाला काय गो तुझा? का मांजराक घालू?" दोनदा खरोखर मांजराला घालावे लागले.

पाचव्या-सहाव्या वर्षी एक गोष्ट घडली. बाबांनी शिळे बांगडे आणले.

मालवणात हे काय आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. तांडेलाने शिळा मासा विकत आणणं म्हणजे भटजीने मंगलाष्टकं विसरणं. आयेने एकाचा कल्ला उचलून आत बघितलं, दुसऱ्याचा उचलला आणि बांगडे खाली ठेवले.

"कोणी दिल्यान तुमका हे?"

बाबा भडकले. बाजारातल्या बायका आता लबाड झाल्या, माणसाची ओळख ठेवत नाहीत, असं बरंच बोलले. त्या दिवसापासून त्यांनी मासे आणणं सोडलं आणि आये गुडघे चोळत बाजारात जायला लागली. आम्ही सगळे त्या बायकांनाच नावं ठेवत राहिलो. मीसुद्धा.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी संध्याकाळच्या आभाळाचं एक चित्र केलं. सगळा जांभळा आणि नारिंगी. बाबा वाकून म्हणाले, "हिरवो बरो पडलो." चित्रात हिरव्याचं नखही नव्हतं. मला ते लागलं. म्हणजे हा माणूस न बघताच बोलतो! सुनेला बरं वाटावं म्हणून तोंडदेखलं! आणि मी वेडी त्यावर सहा वर्षं तरंगतेय. माझा स्वभाव तसा वाईट आहे. राग आला की मी तो लगेच काढत नाही, मुरवत ठेवते, आणि मुरलेला राग फार वाईट.

त्याच सुमारास मुंबईच्या एका प्रदर्शनाला पाठवलेली माझी तिन्ही चित्रं परत आली. त्या रविवारी किनाऱ्यावर जाऊन बसले, पण पेटी उघडली नाही. फळीवर निळसर करडा काचकागद लावलेला, कोरा. तासभर तशीच बसले. बाबा शेजारी वाळूत. मग मी फळी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, बघा. कसा जमला?"

ते वाकले. नेहमीसारखे, मान जरा तिरकी करून.

"बरा जमला," ते म्हणाले. "आजचो दर्या बरो आसा."

क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं. पकडलं, असं वाटलं. आता काहीतरी कडवट बोलायचं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मावळतीचं ऊन आडवं त्यांच्या डोळ्यांत शिरत होतं, आणि उजव्या डोळ्याची बाहुली काळी नव्हतीच. पेजेच्या पाण्यासारखी पांढरट होती. डावी थोडी कमी. मी सहा वर्षं माशांचे डोळे काढत होते. कुठला डोळा ताजा, कुठला धुरकटला, पाच मिनिटांचा फरक मला कळायचा. आणि वीतभर अंतरावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत मी एकदाही बघितलं नव्हतं. अशी शरम मला आयुष्यात वाटली नाही. मी फळी काखेत मारली, त्यांचा कोपर धरला आणि घरी आणलं. त्यांनी कोपर सोडवून घेतला नाही, तेव्हाच मला जास्त कळलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मोतीबिंदू असेल. म्हातारपणी सगळ्यांनाच होतो." मग आयेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"माका म्हायत आसा. दोन वर्सां झाली."

"आणि तुमी बोललास नाय?"

"बोलान काय करू? तुमी तेंका घरात बसवतलास. दर्यार जातत तितकेच बरे आसत." मग सूप आपटून म्हणाली, "खळ्यातल्या पायरीक दर म्हयन्याक चुनो काढतंय, तो कित्याक काढतंय असा वाटला तुका? सणाक?"

मला तसंच वाटलं होतं. अंगणातली ती पायरी त्यांना दिसावी म्हणून पांढरी होते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांना विचारायला गेलो तर त्यांनी उडवूनच लावलं. "माका सगळा दिसता." पण आम्ही पिच्छा सोडला नाही. शेवटी मी शाळेला रजा टाकून त्यांना कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "उजवा मोतीबिंदू पार पिकलाय. लवकर काढून टाकू. आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि डोळा कायमचा जाईल. मग कोणी काही करू शकणार नाही. डावाही त्याच वाटेवर आहे."

"बरं," बाबा म्हणाले. कचेरीत, दवाखान्यात ते शुद्ध बोलत. "विचार करून सांगतो."

परतीच्या एसटीत त्यांनी विचार सांगितला. "मी डोळो काढूचंय नाय."

"बाबा, डोळा नाही, मोतीबिंदू काढायचाय."

"तो डोळ्यात आसा मा? मग डोळो काढल्याशिवाय तो कसो काढतले?"

हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या होडीवरच्या एका जुन्या खलाशाने कधीकाळी ऑपरेशन करून घेतलं होतं आणि त्याने छातीवर हात मारून सांगितलं होतं, की डोळा अख्खा बाहेर काढतात, बशीत ठेवतात, पुसतात आणि परत बसवतात. "आणि परत बसवताना उलटो बसलो तर?" बाबांनी मला विचारलं. मला हसू आलं आणि रडूही. आपल्या भाषेत चित्र काढतात, काटा काढतात, कर्ज काढतात, दिवस काढतात आणि डोळाही काढतात. मी आयुष्यभर 'काढते' या एका शब्दावर पोट भरलं होतं आणि तोच शब्द आता आडवा आला होता.

दोन महिने गेले. ते ऐकेनात. नवऱ्याने समजावलं, पुतण्याने समजावलं, देवळात गाऱ्हाणं घालून झालं. रोज सकाळी मी आधी त्यांच्या उजव्या डोळ्याकडे बघायचे आणि डॉक्टरांचा 'कायमचा' हा शब्द आठवायचा. मी चित्रं काढणंही थांबवलं. पेटीकडे हात जाईना. कोरा कागद पुढे केलेला तो हात माझाच होता.

एका दुपारी पडवीतून त्यांनी हाक मारली.

"गो, तुझो खडू वाजना नाय हल्ली?"

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. कोरा कागद, माझा राग, परत आलेली चित्रं, सगळं. ते शांतपणे ऐकत होते.

"कागद कोरो आसा ता माका म्हायत होता," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी खडू वाजलोच नाय. मी काय बहिरो आसंय? खडू लांब लांब वाजलो काय तुका बरा जमता. कुरकुर कुरकुर केल्यान काय तुका राग इलेलो आसता. त्याच्यावरसून सांगी मी, बरा जमला म्हणान."

"मग त्या दिवशी बरा जमला कित्याक म्हटलास?"

ते बाकाच्या कडेवर हात फिरवत बसले.

"कोणाक तरी कळूक व्हया होता. मी सांगूचा कसा? तांडेल मी." मग म्हणाले, "तू कागद धरलंस, माका बरा वाटला. म्हटला, आता सुटलंय."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. सहा वर्षांत आमच्यात असं कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. दोन महिने जो दगड मी उरावर घेऊन फिरत होते, तो त्यांच्याच एका वाक्याने उतरला. पण डोळा अजून जायच्या वाटेवरच होता. ऑपरेशनचं काढल्यावर पुन्हा तेच : "डोळो काढूचो नाय."

दुसऱ्या दिवशी रविवार. आयेने बांगड्यांचं तिखलं केलं होतं. माशाचं डोकं बाबांचं, हा घरचा नियम. ते हाताने चाचपून चाचपून डोकं फोडत होते, आणि डोळ्यातून तो टणक पांढरा मणी निघाला. मासे खाणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असतो. पोरं त्याने खेळतात, मोठे ताटाच्या कडेला ठेवतात. बाबांनीही ठेवला. मी त्या मण्याकडे बघत राहिले. सकाळी हाच डोळा मी बघितला होता, बाजारातून आला तेव्हा. त्यात मणी होता, पण काचेसारखा आरपार. दिसतही नव्हता. शिजल्यावर पांढरा झाला होता.

मी तो उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, ह्या काय?"

"डोळ्यातलो मणी."

"मासो जितो आसताना ह्यो मणी असोच धवो आसता?"

"नाय," ते म्हणाले. "जित्याचो दिसना नाय. पाण्यासारखो आसता." आणि तिथेच थांबले.

"तुमच्या डोळ्यात पण मणी आसा. तो असो धवो झालो. डॉक्टर डोळो काढना नाय, ह्यो मणी काढता. आणि थंय आरपार दिसता तसो नवो घालता. डोळो हलना सुदिक नाय जाग्यावरसून."

ते मणी बोटांत फिरवत राहिले. आयेचा घास हातातच.

"ह्यो एवढोच?" त्यांनी विचारलं.

"एवढोच."

"मग तो मेलो बशीत काय ठेवलेलो म्हणान सांगी?"

"मणीच आसतलो."

बाबा मोठ्याने हसले. हात धुतले, आणि म्हणाले, "तारीख घे." त्या खलाशाला त्यांनी वर दोन शिव्या हासडल्या, त्या इथे लिहीत नाही.

ऑपरेशन ओरोसच्या सरकारी दवाखान्यात झालं. आदल्या दिवशीच आम्ही एसटीने गेलो. नवऱ्याच्या ओळखीच्यांनी क्वार्टर्समधली एक खोली दिली होती, तिथे आयेने पेज शिजवली. पट्टी बांधून बाबांना बाहेर आणलं तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "काढल्यानी आणि माका कळलाच नाय." पण पट्टी दुसऱ्या दिवशी सुटणार होती. डॉक्टर चांगलंच बोलले, तरी जुना मोतीबिंदू, दाब किती वाढला होता, आत काय शिल्लक आहे, ते पट्टी सोडल्यावरच कळेल असंही म्हणाले. मला तेवढंच ऐकू आलं.

सकाळी पट्टी सुटायची वाट बघत बाकावर बसवेना. पिशवीत काचकागदाचा एक तुकडा आणि उरलेसुरले खडू होते. कॉटशेजारच्या स्टुलावर फिकट निळा थर्मास आणि दोन मोसंबी. मी तेच काढायला घेतलं. मोसंबी वाकडी झाली, थर्मास तर शाळेतल्या बादलीसारखा कलंडला. वर्गातल्या मुलांना मी त्यावर शून्य दिलं असतं. पण खडू वाजत होता, आणि पट्टी बांधलेल्या बाबांची मान माझ्या बाजूला वळलेली होती. म्हणून मी थांबले नाही.

डॉक्टर आले. पट्टी सोडली, कापसाने डोळा पुसला आणि हात पुढे धरला.

"किती बोटं?"

बाबांनी डोळा मिटला, उघडला. आयेने माझं मनगट एवढं आवळलं होतं की बांगडी रुतली.

"तीन," बाबा शुद्धात म्हणाले. "आणि मधल्या बोटाचं नख वाढलेलं आहे."

नर्स फिस्सकन हसली. डॉक्टरांनी खरंच आपलं नख बघितलं. आये मला सोडून पुढे झाली, कॉटला टेकून उभी राहिली आणि दरडावून म्हणाली, "माका बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"म्हातारी झालंस गो."

"तुमी काय तरणे ऱ्हवलास?" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून खिडकीकडे गेली. तीस वर्षं बाजारात बसलेली बाई, आवाज बंदरापर्यंत जायचा तिचा. पण खिडकीत ती नुसतीच उभी होती आणि पाठ हलत होती.

मग ते माझ्याकडे वळले. मी चित्र पाठीमागे लपवलं. आता दाखवायची मला भीती वाटत होती. आता त्यांना दिसणार होतं. पण त्यांनी चित्र मागितलं नाही. मान तिरकी न करता, सरळ माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "नाकाक रंग लागलो आसा तुझ्या."

"खंयचो?" मी विचारलं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"निळो," ते म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून जरा पुढे वाकले. "नाय, थांब. निळो न्हय गो. आकाशी."